इतिहास स्वच्छ हवा!

...नाही नाही, चूक माझी नाहीच, चूक त्या टूलची! तुम्हाला सांगतो, आम्ही प्रोग्रॅम लिहिणारी माणसं, काम थोडं पुढं सरकलं की ते जपून ठेवतो आणि सोबत काय केलं त्याची एक ओळ खरडतो. त्याला म्हणायचं कमिट. आता डोक्याचं भजं झालेलं असताना माणूस काय लिहिणार? 'चालेना.' 'अजून चालेना.' 'चाललं!!' 'कुठलं चाललं, परत बोंबललं.' हे असं! पण आमच्या मॅडम, ज्या सगळ्यांचा कोड तपासतात, त्या चष्म्यावरून बघत म्हणणार, "माझ्याकडे देण्याआधी कमिटचा इतिहास स्वच्छ हवा!" अहो, इतिहास स्वच्छ हवा म्हणजे? मी काय राजा आहे?

आणि दिवस कोणता? सुट्टीवर निघायचा! दोनदा रद्द झालेली समुद्राची सहल, खाली गाडीत बायको, पोरं, सासूबाई, आणि मॅडमचा होकार आल्याशिवाय मला खुर्ची सोडता येईना. बायकोचा फोन. "झालं का?" म्हटलं, "आलोच, जरा इतिहास साफ करतोय." "कसला इतिहास? कोणाबरोबरचा?" ...अस्सा आवाज लावला की काही केलेलं नसताना मी दचकलो!

शेजारचा मित्र म्हणाला, "रडतोस काय? टूल आहे ना! सगळ्या कमिट निवड, 'एकत्र कर' म्हण, की एकच सुबक कमिट!" केलं. भुर्रकन झालं! पाहुणे यायच्या आधी घर आवरून बसल्यासारखं वाटलं बघा. परत वाचतो कोण? दिलं धाडून.

आता ऐका. त्या टूलने काम एकत्र केलं, कबूल. पण माझ्या ओळी? एकही गाळली नाही मेल्याने! सगळ्या एकाखाली एक लावून मॅडमपुढे मांडल्या! आणि मॅडम मोठ्याने वाचायला लागल्या... "'चालेना.' 'अजून चालेना.' 'देवा, सोडव.' 'मॅडमनी विचारलं तर मुद्दाम केलंय म्हणून सांगायचं.'" गेली सहल, सासूबाई आता गाडीतच राहणार!

"विचारते मी," मॅडम म्हणाल्या. "मुद्दाम केलंय?"

"हो मॅडम."

आणि काय सांगू, त्या हसल्या! कधी न हसणाऱ्या मॅडम, टेबलावर डोकं टेकून, डोळे पुसत... आणि हसता हसताच होकार देऊन टाकला, माझा कोड मुख्य कामात सामील! आनंदाने मी अर्धा जिना उतरलो, मग एकदम आठवलं, धावत परत वर. "मॅडम, त्या ओळी तेवढ्या पुसतो हं. इतिहास स्वच्छ हवा ना!"

"आता नाही. मुख्य कामात गेलेल्या इतिहासाला कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मी समुद्रात, गुडघाभर पाण्यात, दोन्ही पोरं अंगाला लोंबकळलेली, सासूबाईसुद्धा चक्क खूश... आणि फोन! मॅडम! "अहो, तुमच्या कोडमधली एक ओळ अगदीच बिनकामाची दिसतेय. काढू?"

"नका मॅडम! कमिटमध्ये शेवटी काय लिहिलंय ते वाचा आधी!"

वाचलं त्यांनी. "'ही ओळ काढली की सगळं बंद पडतं. का, ते माहीत नाही.' ...मग कोणाला माहीत आहे हो?"

म्हटलं, "मॅडम, तुम्हाला कळलं तर मलाही कळवा."