सर्व सामान जमा

वीसेक वर्षं झाली, पण अजून कुणाला सांगितलं नाही. सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत मी स्टोअरकीपर होतो. वॉल्टर नावाचा म्हातारा अमेरिकन इंजिनिअर कायमचा घरी चालला होता. कंपनीचं सामान परत केल्याशिवाय क्लिअरन्सच्या फॉर्मवर मी कुणालाच सही देत नसे. त्याने हेल्मेट, गॉगल आणि चामड्याचे हातमोजे काउंटरवर ठेवले आणि विसरलेला फॉर्म आणायला गेला. हातमोज्यांची बोटं कापलेली होती. फाटकं असेल ते भंगारात, हा माझाच नियम. दिले टाकून.

परत आल्यावर त्याने विचारलं, "हातमोजे कुठायत?"

"खलास. भंगाराची गाडी आत्ताच गेली."

तो मटकन खुर्चीत बसला. "ते माझ्या आजोबांचे होते रे. धंदेवाईक बेसबॉल नवा होता, तेव्हा ते इनफिल्डर होते, तुमच्या भाषेत जवळचे फिल्डर. बॉल पकडून झटकन फेकता यावा म्हणून बोटं त्यांनीच कापलेली. तू क्रिकेटवाला, म्हणून मुद्दाम तुला दाखवायला आणले होते."

मग तोच म्हणाला, "जाऊ दे. आजोबांच्या हातूनही बॉल सुटायचे."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने फॉर्म पुढे सरकवला आणि मी त्यावर लिहिलं, 'सर्व सामान जमा.'