गुळाच्या पाण्यातली पाकळी

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. पेटीवाले, तुम्हीसुद्धा! आज मी तापलोय. का तापलोय ते शेवटी सांगेन. तोवर एका प्रश्नाचं उत्तर द्या मला. 'विचारलं होतं हो त्यांना!' असं आपण छातीवर हात ठेवून सांगतो ना? मग ज्याला विचारलं, त्याला 'नाही' म्हणायची सोय होती का? आणि नसेल, तर त्याला विचारणं म्हणायचं का?

बघा, आत्ताच चुळबुळ सुरू झाली! बसा, बसा. गोष्ट ऐका.

बयाजी गुरव नावाचा एक माणूस. वय सत्तर, डोक्याला टोपी, सिमेंटनं फाटलेले हात. गाव हिरडेवाडी. कुठं आहे हिरडेवाडी? पाण्याखाली! पन्नास वर्षांपूर्वी धरण झालं, गाव बुडालं, माणसं तीन तालुक्यांत फेकली गेली. गुरवाचा हा मुलगा, गावदेवी वाघजाईची पूजा करणारा, शहरात येऊन गवंडी झाला. जन्मभर लोकांची घरं बांधली. स्वतःच्या गावाविषयी मात्र चकार शब्द नाही! बायकोला नाही, मुलाला नाही.

त्याची सून सुवर्णा. हुशार पोरगी! कॉम्प्युटरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. त्यांचा एक खेळ तयार होत होता. आपण शहर वसवायचं, रस्ते, नळ, दवाखाने, सगळा कारभार आपणच बघायचा. खेळ अजून अर्धा कच्चा. बस भिंतीतून आरपार जायची, पोस्टमन छपरावरून चालायचा! म्हणून साहेबानं फर्मान काढलं — घरच्या म्हाताऱ्यांना खेळवा, ते कुठं अडतात ते लिहून आणा. म्हाताऱ्यांना खेळवा! अहो, आपल्याकडं मुलं म्हाताऱ्यांना तशीही खेळवतातच, त्याचा पगार मिळत नाही इतकंच! हसताय? घरी जाऊन वडिलांच्या तोंडाकडं बघा जरा.

तर रविवारी सकाळी सुवर्णानं सासऱ्यापुढं लॅपटॉप ठेवला. "आबा, शहर बांधायचंय. जमेल?"

"न जमायला काय झालं? जलम त्यातच गेला की!"

आणि मंडळी, म्हातारा रंगला! आधी गटार, मग रस्ता. कंपनीतली पोरं आधी मॉल बांधायची, यानं आधी सांडपाण्याची सोय केली. चहा गार झाला. शहर वाढलं, वस्ती वाढली. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली — 'पाणी कमी पडत आहे. धरण बांधा.'

बयाजीचा हात थबकला. पण खेळ पुढं जाईना. दोन डोंगरांमध्ये एक खोरं दिसत होतं. खोऱ्यात कौलारू घरं, एक आंबा, एवढंसं देऊळ. त्यानं बोट दाबलं. टिक!

'जागा मोकळी केली. अडथळे हटवले : चौदा.'

अडथळे! घरं नव्हेत, देऊळ नव्हे — अडथळे! आवाज नाही, धूळ नाही. खोरं निळंशार.

"सुवर्णे, हितं घरं हुती की गं."

"हो आबा."

"त्यातली माणसं कुटं गेली?"

"माणसं नव्हती त्यांत. नुसती चित्रं आहेत ती, शोभेला."

म्हातारा ताडकन उठला. "शोभेला? गाव शोभेला? बंद कर ते!" असा ओरडला की शेजारची बाई दारात आली. लग्नाला सहा वर्षं झाली, सुवर्णानं सासऱ्याचा आवाज असा चढलेला कधी ऐकला नव्हता. पण गाव असं पुसलं हेच आबांना लागलं, एवढं पोरीला समजलं. तिनं कंपनीच्या यादीत चूक नोंदवली — 'धरणात बुडणाऱ्या गावाला कुणी विचारत नाही.'

तिचा साहेब निनाद. वाईट मुलगा नाही हो! हसरा, गोड बोलणारा. या गोड बोलणाऱ्यांचीच मला जास्त भीती वाटते. पंधरा दिवसांत तो म्हणाला, "केलं दुरुस्त! शनिवारी आजोबांना ऑफिसात घेऊन ये, त्यांच्याच हातानं तपासू."

शनिवारी सकाळी बयाजी गेला. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. कंपनीतली पोरं भोवती जमली. त्यानं तेच शहर मांडलं, त्याच खोऱ्यावर बोट दाबलं. या वेळी पाटी आली — 'गावकऱ्यांना विचारत आहोत.' म्हातारा पडद्याजवळ सरकला. मग खाली एक हिरवं बटण आलं. 'होय.'

त्यानं चष्मा पुसला. पडदा वरपासून खालपर्यंत बघितला.

"न्हाय कुटं हाय?"

"म्हणजे?"

"होय हाय. न्हाय कुटं हाय?"

निनाद हसला. "आजोबा, 'नाही' ठेवलं तर खेळणाऱ्याचं शहर अडेल. लोक कंटाळतील. विचारल्यासारखं दिसलं म्हणजे झालं ना?"

विचारल्यासारखं! ऐकलंत, मंडळी? तिथं बयाजी गुरव पेटला!

"अरं, हा तर माझाच कौल! ह्यो असला कौल म्याच लावला हुता!"

आणि पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. धरणाचे दरवाजे बंद व्हायची वेळ आली होती. गाव म्हणालं, वाघजाईला कौल लावू. आई जा म्हणाली तर जाऊ, नाहीतर इथंच बसू. कौल म्हणजे काय, तर देवीच्या अंगाला दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. असा तीनदा लावायचा, तिसरा कौल अखेरचा. बाप आजारी, म्हणून वीस वर्षांचा बयाजी कौलाला बसला. पहिल्यांदा डावी पडली. दुसऱ्यांदा — डावीच! देवळाबाहेर धरणाच्या साहेबांची जीप उभी. "कौल काही लागो, पाणी सोमवारी चढणार," साहेब बयाजीच्या कानात बोलून गेला. आणि गाव तर हलायला तयार नाही!

"तिसऱ्या बारीला म्या डावी पाकळी गुळाच्या पाण्यात बुडवली. घट्ट चिकटवली. उजवी नुसती टेकवली. पडली! गाव रडत उठलं. धोंडूकाका वाटंत माझा हात धरून म्हनला, 'आईच म्हनली ना रं बयाजी? मग झालं.' त्याच सालात मेला त्यो. आई दोनदा न्हाय म्हनली हुती! म्या तिच्या तोंडून होय वदवून घेतलं!"

निनाद हळूच म्हणाला, "पण आजोबा, तुम्ही जीव वाचवलेत. पाणी तर येणारच होतं."

"येनारच हुतं तर तसं तोंडावर सांगायचं! मानूस रडला असता, भांडला असता, शिव्या दिल्या असत्या. 'आमाला मारून काडलं' म्हनून जलमभर ताठ मानंनं सांगितलं असतं. ते त्याचं हुतं! तेवढं एकच उरलं हुतं त्याच्यापाशी, आनि ते म्या चोरलं!"

मंडळी, धरण नको असं बयाजी म्हणाला नाही. शहराला पाणी लागतं, हे गवंड्याला कोण शिकवणार? त्याचा राग त्या हिरव्या बटणावर होता.

निनादनं घाम पुसला आणि कागद सुवर्णापुढं सरकवला. "तपासलं म्हणून सही कर, विषय संपव."

"नाही करणार, सर."

"नोकरीचा विचार कर, सुवर्णा!"

"केला. खेळ अजून पुरा झालेला नाही, म्हणजे अजून बदलता येतो. आबांचं गाव आता बदलता येत नाही." आणि सासऱ्याचा हात धरून ती बाहेर पडली.

दीड महिना तिला दुसऱ्याच कामावर टाकलं, तेही कोपऱ्यातल्या टेबलावर. पण भोवती जमलेली ती पोरं! त्यांना झोप लागेना. त्यांनी निनादच्या मागं भुणभुण लावली आणि शेवटी दुसरं बटण आलं. सुवर्णानं लॅपटॉप पुन्हा आबांपुढं ठेवला. बयाजीनं खोऱ्यावर बोट दाबलं. 'गावकऱ्यांना विचारत आहोत.' थांबला. थांबला. मग उत्तर आलं — 'नाही.'

शहर अडलं. नळ आटले. आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून लॅपटॉपपुढं डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत रडला.

संपलं आख्यान. आता माझ्या रागाचं सांगतो. संध्याकाळी मी या देवळात आलो तेव्हा महाद्वाराशी सोजरबाई दिसल्या नाहीत. वीस वर्षं तिथं फुलं विकत होत्या. आता तिथं हा मंडप आहे. तुम्ही बसलाय ना आत्ता, तीच जागा! मी विचारलं, तर विश्वस्त म्हणाले, "त्यांना विचारलं होतं बुवा, अंगठा आहे कागदावर." कागद बघितला मी. त्यावर 'नाही' लिहायला जागा कुठं होती हो? दाखवा मला!

तो हार खाली ठेवा, अध्यक्ष. आज मी गळ्यात घालून घेणार नाही. सोजरबाई मारुतीच्या पारामागं फुलांची पाटी घेऊन बसल्यात, मी येताना बघून आलोय. आधी तिथं जा, पुन्हा विचारा. आणि त्या 'नाही' म्हणाल्या, तर उद्या सकाळी मंडपाचा पहिला खांब उपटायला मी येतो.