पॅड जागेवर धरा

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या समाज भवनाचे आधारस्तंभ आदरणीय नानासाहेब, मंचावर विराजमान आपल्या वॉर्डाच्या पार्षद सोनिया दीदी, सत्कारमूर्ती आपली चेतना, आणि समोर बसलेल्या माझ्या तमाम बॉक्सर बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार!

हसू नका. बॉक्सरच म्हणाले मी. रेल्वेच्या तिकीट खिडकीमागं जन्म घालवलेली ही शेवंता, गुडघे धरून जिने चढणारी, तिला बॉक्सर कोणी केलं? या चेतनानं. भवनाच्या फाटकावर तिनं बोर्ड लावला, ‘बॉक्सिंग, सगळ्यांसाठी’. मी तिला विचारलं, “काहून वं बाई, या वयात कोणाशी मारामारी करू?” ती म्हणाली, “मावशी, मारायला नाही, हलायला या. उभं राहवत नसेल तर बसून करा.”

आणि खरंच, आमचा पहिला राउंड सगळ्यांचा खुर्चीवर बसूनच. धडधाकट पोट्टेसुद्धा बसून ठोसे मारतात. पिंकी व्हीलचेअरवर आहे, म्हणून सगळेच बसतात. सौमित्रला दिसत नाही, म्हणून ठोसा झेलायचं पॅड धरणारा आधी त्या पॅडवर टिचकी वाजवतो. बॅगा कशाच्या, तर नानांच्या पंडरी बाजारातल्या कापड दुकानातल्या चिंध्या ठासून भरलेल्या. अहो, अख्ख्या शंकर नगरात आमच्याइतके भारी कपडे कोणी बडवत नसेल!

आता अध्यक्षमहाराजांची परवानगी गृहीत धरून त्यांचीच एक गोष्ट सांगते. पिंकीसाठी पॅड धरायचे नाना. तिचा एकही ठोसा वाया जायचा नाही. ठाक, ठाक, ठाक! आम्ही टाळ्या वाजवायचो. मग एकदा नाना लग्नाला भिलाईला गेले आणि चेतनानं पॅड धरलं. पिंकीचा पहिला ठोसा हवेत. दुसरा हवेत. पोरगी पांढरी पडली. तेव्हा आम्हाला उमगलं, इतके दिवस नाना मायेनं पॅड पुढं सरकवत होते, तिच्या हातापाशी नेत होते.

नाना परतल्यावर तिनं त्यांना सर्वांसमोर विचारलं, “आप पैड लेकर मेरे पास क्यों आते हो? मेरा पंच मेरेको मारने दो ना!” नानांचे डोळे भरले. “बेटा, तुले वाईट वाटू नये म्हणून...” इतकंच बोलले. वाईट मनाचा माणूस असता तर भांडता आलं असतं हो. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं?

पिंकी यायची बंद झाली. चेतना तिच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिच्या घरी गेली. मी सोबत होते. मला वाटलं आता समजूत काढेल, गोंजारेल. छे! चहा प्यायली आणि म्हणाली, “तुझा हात खोटा नव्हता, पॅड खोटं होतं. उद्या ये. पॅड जागेवर असेल.” दुसऱ्या दिवशी पिंकी आली. पॅड नानांनीच धरलं, पण जागेवर. चुकली, पुन्हा चुकली, चिडली, रडली. आणि पुढं एका सकाळी असा ठोसा बसला की नानांचा खांदा मागं गेला! खांदा चोळत त्यांनीच सगळ्यांना गरम जिलेबी खाऊ घातली. ती जिलेबी मी विसरणार नाही.

चेतना आता जगदलपूरला चालली, सरकारी प्रशिक्षक म्हणून. आनंद आहे, बाई. पण मागच्या मीटिंगमध्ये काय झालं ते इथं सांगायलाच हवं. चेतना म्हणाली, क्लास पिंकीकडे द्या. चेतना तिच्या परीक्षेला जायची तेव्हा क्लास घ्यायचं कोण? पिंकीच. तरी नाना म्हणाले, “पोट्टी हुशार आहे, पण तिले फार त्रास होईल. सध्या क्लास बंद ठेवू.” बंद? मग आम्ही सकाळी जायचं कुठं? आणि नाना, राग मानू नका, पण पॅड पुन्हा पुढं सरकून राहिलं.

मी पिंकीसाठी रदबदली करणार नाही. ते तिलाच आवडणार नाही. यशदीप, माईक जरा तिच्याकडे दे. बोल, बेटा.

मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. ती म्हणाली, “नाना, क्लास मुझे चाहिए. गलती होगी तो सबके सामने बता देना.”

आता नाना... नाही नाही, नुसती मान डोलवून भागणार नाही, माईकवर बोला. अध्यक्ष आहात.

ऐकलंत ना मंडळी? “हव,” म्हणाले! “उद्या सहा वाजता, पिंकीचा क्लास,” म्हणाले! अरे, वाजवा की टाळ्या! चेतना, रडू नकोस गं, शाल नवी आहे.

सोनिया दीदी वेळात वेळ काढून आल्या, भवनाच्या मंडळींनी खुर्च्या मांडल्या, चहा केला, सर्वांचे मनापासून आभार. चेतना, तू आम्हाला हलवलंस, बाई. सुखी राहा. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला टोचलं असेल, तर आजच्या आज क्षमा करून टाका. उद्या सहापासून क्षमा मागायची ती पिंकीकडे, आणि ती करेलच याची खात्री मी देत नाही.