एक टेराबाइट, तुवासाठी

—नाही रे, ती च्युइंगमच्या पट्टीएवढी डिस्क नकोच, ती तर मी परत करायला आणलीये! हे बघ, खोकं, पावती, सगळं आहे. उघडलंय, हो, पण उघडलेलं पण परत घेता ना तुम्ही महिनाभर? मग झालं तर. ती बसतच नाही माझ्या मशीनमध्ये. बसत नाही म्हणजे काय, बसायला जागाच नाही — मी झाकण उघडून, टॉर्च दातात धरून, गुडघे मोडेपर्यंत शोधलं, त्या बोर्डावर ती फटच नाहीये! आणि खोक्यावर काय लिहिलंय? कोणीही सहज बसवू शकेल. कोणीही! हा कोणीही मला एकदा भेटायला पाहिजे. तर ते राहू दे, मला ती दुसरी दे, चपटी, पत्त्यांच्या कॅटसारखी, वायरीने जोडतात ती. हां, हीच. हीच ती साटावाली ना? त्या पट्टीपेक्षा मंद असते, माहितीये मला, वाचलंय सगळं, आठवडाभर दुसरं वाचलंय काय मी! पण आत्ता जी जुनी तबकडी आहे ना आत, ती गरागरा फिरते, कुरकुरते, मधेच थांबते, मग परत सुरू — तिच्या मानाने हे विमानच की. बरोबर ना? बरोबर.

आता पुढचा घोळ. लहान घ्यायची की मोठी? आणि स्वस्तातली घ्यायची की जरा बऱ्यातली? कारण अगदी स्वस्तातल्या म्हणे पहिले दिवस पळतात आणि भरत आल्या की रडायला लागतात. खरंय का ते? थोडंफार — थोडंफार म्हणजे काय रे, रडतात की नाही रडतात? तू दुकानातला माणूस, तू असं थोडंफार म्हणालास तर मी कुठे जाऊ? लुडविग ना तू? बिल्ल्यावर लिहिलंय म्हणून म्हटलं. मी रॉगर. लुडविग, माझी घाई समजून घे. आज शुक्रवार. बदलीचा शुक्रवार. माझी पोरगी, तुवा, तेरा वर्षांची आहे — एक आठवडा आईकडे, हामारोला, एक आठवडा माझ्याकडे, फोर्सहागाला. आज ती येणार, संध्याकाळच्या बसने, आणि त्याच्या आत ही वस्तू आत बसून मशीन चालू पाहिजे. तुला काय कळणार म्हणा शुक्रवार म्हणजे काय ते — काय? तू पण? एक आठवडा इकडे, एक तिकडे? बघ! मग तुला सांगायलाच नको. बॅग पाठीला, आणि एक पुस्तक कायम दुसऱ्या घरी राहिलेलं. मग तू किती वर्षांचा होईपर्यंत ते... नको, नको सांगूस. राहू दे. आपण डिस्कचं बोलू.

म्हणजे आम्ही भांडलो वगैरे नाही हां. पेर्निला आणि मी, तिची आई, आमचं सगळं कसं व्यवस्थित. सगळं सारखं. मिलिमीटर मोजून सारखं, माझी बहीण हसते आम्हाला, म्हणते तुमच्या घरात फूटपट्टी जेवायला बसते. हसू दे. दोन टूथब्रश, दोन उश्या, बर्फातले बूट दोन जोड, स्कीसुद्धा दोन. पोरीला कुठे काही कमी वाटता कामा नये! तिकडे पलंगाशी तो चंद्रासारखा दिवा आला, की माझ्याकडे पुढच्या बदलीच्या आत चंद्रासारखा दिवा. तिकडे मऊ गालिचा, की इकडे मऊ गालिचा. नाताळची संध्याकाळ पण आम्ही मधोमध कापली, अर्धी तिकडे, अर्धी इकडे, पोरगी मधे गाडीत कोट घालून बसलेली. न्याय म्हणजे न्याय. आणि आता बघ, पेर्निलाचा तो स्टेलान, सोबत राहतो तिच्या, बरा आहे माणूस, त्याच्याबद्दल मी एक वाकडा शब्द काढत नाही — या स्टेलानने काय करावं? नवीन कॉम्प्युटर आणून ठेवला दिवाणखान्यात! बटण दाबलं की उघडा! आणि माझा? बटण दाबा, कॉफी ठेवा, कॉफी प्या, कप धुवा, आणि मग आतून हाक, पप्पा, हे अजून फिरतंय! आता सांग, मी नवीन मशीन कुठून आणू? गोदामातला माणूस मी. पण डिस्क बदलली तर तेच जुनं मशीन नव्यासारखं पळतं म्हणतात. पळतं ना? हे तरी थोडंफार म्हणू नकोस.

पळतं. झालं! मग एक टेराबाइट दे. का? का म्हणजे, मोठी बरी. काय काय असतं पोरींचं — ती काय करते त्याच्यावर? अरे, सगळंच करते. फोटो असतील. घोड्यांचे व्हिडिओ बघायची. बघायची म्हणजे, दोन वर्षांपूर्वी बघायची, आता घोडे गेले, आता हँडबॉल. अभ्यास नाही, अभ्यासाला शाळेचाच लॅपटॉप आहे. खेळ? असेल एखादा. नक्की सांगता येत नाही रे, दार बंद असतं ना. मी जात नाही आत, टकटक केल्याशिवाय, आणि टकटक केली की म्हणते काय आहे, आणि मग मला आठवतच नाही काय होतं ते. पण हाक मारते! पप्पा, फिरतंय, अशी. म्हणजे मागच्या खेपेला नाही मारली. मागच्या खेपेला तिने तो चालूच केला नाही बहुतेक. कंटाळली असणार, दुसरं काय? मीसुद्धा कंटाळलो असतो! काल मला मेसेज आला तिचा, उद्या टाको खाताना एक बोलायचंय म्हणून. बोलायचंय! या वयाची पोरं कधी आपणहून म्हणतात का बोलायचंय? तेव्हाच मी ओळखलं, हे कॉम्प्युटरचं. दुसरं काय असणार. माझ्याकडून शाळा बसने लांब पडते, ते आहेच, सकाळी अंधारात थांब्यावर उभी राहते बिचारी, मी गॅलरीतून बघतो ती गाडी येईपर्यंत. मैत्रिणी सगळ्या हामारोला, सराव तिकडे, तेही आहेच. पण ते काही आजचं नाही ना! ते चालू आहे आधीपासून. नवीन फक्त कॉम्प्युटर आहे. म्हणून ते आधी नीट करायचं, आज, आत्ता, म्हणजे ती बोलायला तोंड उघडेल तेव्हा मी म्हणेन, आधी खोलीत जाऊन ते बटण तर दाब!

असा बघू नकोस माझ्याकडे. कळत नाही असं नाही मला.

काय म्हणालास? विचारून टाका? फोन करून? अरे पण गंमत जाईल ना सगळी. तसं म्हणायला, तुझंही खरं आहे, उगाच मोठी नेली आणि... थांब, लावतोच. सुटली असेल शाळा. या मागच्या बाईंना घाई असेल तर त्यांना घे मधे — नाही? बरं, वाजतोय.

हॅलो, तुवा? हां, मीच. काही झालं नाही गं, दुकानात आहे मी. ऐक, एक सांग मला पटकन, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर तू काय काय ठेवतेस? म्हणजे जागा किती लागते असं विचारतोय मी. काहीच नाही म्हणजे? अगं काहीतरी असेल ना! नाही, मी नवीन डिस्क घेतोय, आता सांगूनच टाकतो, एक टेराबाइट, तो स्टेलानचा कसा झटकन उघडतो, तसाच — का नको? महाग नाहीये गं ती. पैशाचा प्रश्नच नाही. हं... मग आता सांग की, संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? नाही, रागावत नाहीये. बोल तू... हं... हं. कधीपासून? आईला माहितीये? बरं. बरं झालं, आईला आधी सांगितलंस ते. नाही गं, लांब आहेच, मला काय दिसत नाही? थंडीत तर कुत्रं बाहेर काढवत नाही त्या वेळी. माझ्याकडे फक्त शनिवार-रविवार, हं. दर शनिवार-रविवार की... एक सोडून एक. कारण सामने असतात, हो, बरोबर, सामने असतातच. नाही, मला वाईट — अगं वाटणारच ना थोडं, पण म्हणून तू रडायचं नाही. तुवा. बाळा, रडू नकोस, आजूबाजूचे लोक बघतील. तू काही वाईट केलेलं नाहीस, ऐकतेस ना? काहीही नाही. आज येतेयस ना पण? येच. टाकोचा खिमा-बिमा सगळं आणलंय, मका आणलाय, तुला आवडतात ते चिप्स आणलेत. ये तू. मी येतो थांब्यावर. बरं, नाही येत थांब्यावर, घरीच थांबतो. हो. मलाही. ठेव.

हां. कुठे होतो आपण? नाही, नाही, सगळं ठीक आहे, हवा कोरडी आहे तुमच्या दुकानात, डोळ्यांना लागते. ती ठेव बाबा परत, ती मोठी. लहानात लहान कोणती आहे? हिच्याहून लहान? मग ती दे. स्वस्तातली, कुठलीही. भरेल कशाला? काय टाकणार मी तिच्यात? बिलं भरायची, हवामान बघायचं, झालं. पळाली काय आणि न पळाली काय, मला कुठली बस पकडायचीये. अरे, नको ती जास्तीची वॉरंटी. पिशवी पण नको. आणि मला अजिबात काही सांगू नकोस, तू कितव्या वर्षी बापाकडे जायचा थांबलास, त्याला मग काय वाटलं, काही नको. सांगितलं ना, सगळ्यात लहान. मार बिल.