यादीतलं नववं कलम

...आणि पर्स खुळखुळत होती हो! पाऊल टाकलं की खुळ्ळ, थांबलं की गप्प. मुलाखतीला निघालेल्या मुलीची पर्स अशी वाजते का कधी? आत फाइल, पेन, दुसरं पेन, दोन्ही पेनं दगा देतील म्हणून पेन्सिल... यातलं वाजणारं काय? पण म्हटलं, वाजू दे. उघडून बघण्यात दीड मिनिट जाईल, आणि यादीत ते दीड मिनिट धरलेलं नाही!

कारण तुम्हाला सांगते, नियोजन चोख होतं. मुलाखत दहाला. प्रवास दीड तासाचा. बस बंद पडली तर अर्धा तास, दुसरीही पडली तर आणखी अर्धा, लिफ्टमध्ये अडकले तर वीस मिनिटं, सुटल्यावर रडायला दहा... अशी बेरीज करत करत सकाळी सहालाच, घरच्यांना न सांगता, गुपचूप घर सोडायचं ठरलं.

नुसतं ठरलं नाही, रविवारी रंगीत तालीम केली! घरचे सगळे मावशीकडे गेले होते, मी एकटी. जे जे केलं ते ओळीने कागदावर उतरवलं. अकरा कलमं! परीक्षेतसुद्धा इतकं मुद्देसूद लिहिलं नव्हतं मी. आणि आज भीतीने डोकं चालेना, म्हणून कागदच चालवला. कलम सात, खिडक्या लावणे. लावल्या. कलम आठ, बाहेरच्या खोलीतला पंखा बंद. केला... त्याच्याखाली दादा झोपला होता, तो झोपेतच पुटपुटला, "लाईट गेली वाटतं..." तरी मला काही कळलं नाही! कलम नऊ... थांबा, सांगते.

साडेसातला त्या कंपनीच्या फाटकाशी हजर. वॉचमन दात घासत होता.

"कोण पाहिजे?"

"मुलाखत आहे. दहाला."

त्याने सावकाश चूळ भरली. "साहेब अजून अंथरुणात असतील, ताई. उठवून आणू का?"

मी दचकले, फाइल पडली, पर्स पडली, आणि पर्समधून टणकन बाहेर पडली... आमच्या घराची किल्ली.

कलम नऊ, बाहेरून कुलूप लावणे!

लावलं होतं हो! आत आई, बाबा, दादा, तीन जितीजागती माणसं! दादाचं सोडा, त्याला दुपारपर्यंत पत्ता लागणार नाही. पण बाबा! अठ्ठावीस वर्षं छापखान्यात, साडेनऊच्या ठोक्याला हजर, उशिराचा एक शेरा नाही. महिनाअखेरीला निवृत्त होतायत. "कोरा हजेरीपट ठेवून बाहेर पडेन बघ," म्हणतात, लहान मुलासारखे. आणि त्यांना कोंडलं कुणी? मी! जिला बोट धरून घड्याळ बघायला शिकवलं तिने!

बाबा नऊला निघतात. लगेच परतीची बस धरली तर नऊला कुलूप उघडेन. बाबा वेळेवर. आणि माझी मुलाखत? पुन्हा इथे यायला साडेदहा! तरी सांगते, नियोजन चोख होतं...

फोन लावला. बाबांचा, वाजतोय, वाजतोय, गप्प. दादाचा, तसाच. आईचा, वाजून वाजून दमला. शेजारच्या काकूंचा नंबर? तो घरच्या डायरीत, म्हणजे कुलपाआड. कुणीच कसं उचलत नाही? गॅस तर गळत नसेल? आणि खिडक्यासुद्धा मीच लावून आलेय! दरदरून घाम फुटला. वॉचमन म्हणाला, "ताई, पाणी देऊ?" मी म्हटलं, "मी आईबाबांना कोंडलंय." तो दोन पावलं मागे सरला.

तेवढ्यात बस आली. माझा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, फोन कानाला. कंडक्टर ओरडतोय, "बाई, चढताय की टाटा करताय?"

चढले. चढायलाच हवं होतं ना? नोकरी मिळेल पुन्हा कधीतरी, बाबांची अठ्ठावीस वर्षं कुठून आणू? फाटक मागे मागे जाताना बघवेना, म्हणून सतराव्यांदा आईचा नंबर दाबला... आणि उचलला! उचलला हो आईने!

मी किंचाळणार, तर पलीकडून आई, चष्म्याशिवाय, नाव न बघता, अगदी दबक्या आवाजात, "हॅलो, कोण? जरा हळू बोला हं. आमची धाकटी झोपलीये आत. मुलाखत आहे ना तिची आज, म्हणून सगळ्यांच्या फोनचे आवाज बंद करून ठेवलेत..."

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? मीही कुजबुजले, "बरं. झोपू द्या तिला."