तार ऐकू येते का, आई?

मंडळी, सावरून बसा! आज एकच प्रश्न आहे, आणि तो वेदांतातला नाही, बाजारातला आहे. घरात गाणं गोड ऐकू यावं म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर पैसे किती घालावेत? — हसता काय! मागच्या रांगेतले दोघे आत्ताच आकडा पुटपुटले, ऐकलंय मी!

तर ऐका. कऱ्हाडात विश्वंभरपंत नावाचे गृहस्थ. गाण्याचे भारी वेडे! पहिला अ‍ॅम्प्लिफायर आणला पंधरा हजारांचा — म्हणे, 'आवाज बसका आहे.' दुसरा आणला पंचवीसचा — 'आवाज टोचतो!' जावयात काढत नाहीत हो इतके दोष! शेवटी आणला साठ हजारांचा. दोन माणसांनी उचलून कपाटावर ठेवला. पंतांनी तानपुऱ्याची रेकॉर्ड लावली, डोळे मिटले... अहाहा! एकेक तार वेगळी!

आता एवढं सुख एकट्यानं कसं भोगायचं? कोपऱ्यात त्यांची म्हातारी आई, द्वारकाबाई, शेंगा सोलत बसलेली. पंत ओरडले — "आई! तार ऐकू येते का?"

म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडलं. "तार आली? कुणाची? अरे, कोण गेलं रे?"

"कुणी गेलं नाही! तार! ता — र!"

"दोन तारा?" — आणि म्हातारी रडायलाच लागली!

हसा, हसा. पण तिच्या उमेदीत दारात तारवाला यायचा तो बहुधा असलंच काही घेऊन, मंडळी. पंतांची बायको उषाताई धावत बाहेर आली. सासूला जवळ घेतलं आणि नवऱ्याकडे वळली — "अहो, डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, यांना कानाचं मशीन लावा. तुम्ही काय म्हणालात? या वयात ऐकून काय करायचंय! मशीन म्हणजे तरी काय? बारीक आवाज मोठा करणारं यंत्र! ज्यांना हवं त्या इथं बसल्यात, आणि तुम्ही ते कपाटावर नेऊन ठेवलंत!"

लागलं हो! वर्मी लागलं! लाज वाटली माणसाला. दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या हातापाया पडून यंत्र परत केलं, आणि त्याच पैशांत आईच्या कानात मशीन बसवलं. केवढं? चिंचोक्याएवढं!

घरी आले. पंत समोर बसले, जीव नुसता खालीवर! आणि सवयीनं, नेहमीच्याच पट्टीत ओरडले — "आई!! येतंय का ऐकू??"

म्हातारी दचकली. कानावर हात नेला. लेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "विशू... असा बोलतोस होय रे तू माझ्याशी? मला आपलं वाटायचं, किती हळू, किती मायेनं बोलतोस."

 

मंडळी, पैसे ऐपतीप्रमाणे घाला, कोण नको म्हणतंय! पण यंत्र आवाज मोठा करतं — गोड नाही करत! आत जे घालाल, तेच मोठं होऊन बाहेर येणार. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला तुमचं ओरडणं अजून माया वाटतंय. त्याच्या कानात उद्या मशीन बसलं, तर काय ऐकू येईल हो त्याला?

...का? माना खाली का घातल्यात?

असो. आता देवाचं नाव घेऊ या. पण हळू! ओरडू नका — त्याचे कान शाबूत आहेत!