रिकाम्या सीटला विनवणी

फिनिक्समधल्या हाडांच्या दवाखान्यात माझं बाळ नुकतंच खांद्यावर झोपलं होतं, म्हणून मी जागची हलले नाही. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या. थोरलीच्या पायाला प्लास्टर होतं.

"ताई, त्या गाडीच्या कंपनीच्या कागदावर सही केलीस?"

"अजून नाही. पण फोनवरचा मुलगा किती गोड बोलला! दवाखान्याचा सगळा खर्च देतो म्हणाला."

"आणि पुढे पाय अधू झाला, तर? सही केल्यावर काही मागता येत नाही. वकीलबाईंनी बजावलंय."

"अगं नीवेस, पण ती गाडी आपली आपण चालते. आत माणूसच नव्हता, तर दावा लावू कुणावर?"

"कंपनीवर. गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं आहे. ते पुसू नका, अशी नोटीस उद्याच पाठवायची."

"तेच नको."

"का? तुझी चूक होती?"

"छे! मी पांढऱ्या पट्ट्यांवरूनच चालले होते. पण चाक पायावर चढलं आणि तिथंच थांबलं ना, तेव्हा मी हात जोडले. 'बाळा, जरा मागे घे रे,' म्हणत राहिले. रिकाम्या सीटला! कोर्टात हसतील गं."

"वेडाबाई..."

"बघ, तूही हसलीस."

"रडतेय मी."



"नीवेस, त्या कॅमेऱ्यात आवाजही येतो?"

"येतो, वकीलबाई म्हणाल्या."

"म्हणजे माझं सगळं ऐकलं त्या गाडीनं?"

"सगळं."

"आणि तरी हलली नाही?"

"नाही ना, ताई."

"मग पाठव नोटीस. ऐकू दे कोर्टाला."